‘न्यू वेगास’ अजून कॅनन आहे का? (फॉलआउट टीव्ही मालिकेचे स्पॉयलर आहेत)

अणुधूळ (धागाकर्ता)

मंडळी, फॉलआउटच्या टीव्ही मालिकेचा पहिला सीझन बघायचा राहिला असेल तर इथूनच मागे फिरा. खाली सगळं फोडलंय.

फॉलआउटच्या, म्हणजे अणुयुद्धानंतरच्या उद्ध्वस्त अमेरिकेत घडणाऱ्या, सगळ्या गेम्सची कालरेषा मी एका एक्सेलमध्ये भरत असतो. साल, ठिकाण, कोणी काय केलं, ते कुठल्या गेममध्ये कळतं, असे रकाने. रिकामपणचा उद्योग म्हणा. त्यात २०१० च्या न्यू वेगासच्या ओळी सगळ्यात जास्त आहेत, कारण तोच गेम मी सगळ्यात जास्त खेळलोय. आता माझा चुलतभाऊ म्हणतो, तो गेम कॅनन, म्हणजे अधिकृत कथेचा भाग, नाही; त्या सगळ्या ओळी उडव.

त्याचं म्हणणं असं. न्यू वेगासला नंबर नाही, हक्कदार कंपनी बेथेस्डाने तो स्वतः केलेला नाही, ऑब्सिडियन या दुसऱ्या स्टुडिओकडून करून घेतला, म्हणजे मुळात स्पिन-ऑफ. त्यात चार शेवट, आणि खरा कुठला ते गेम सांगत नाही. वर आता मालिकेच्या सहाव्या भागात तो फळा. ‘शेडी सँड्सचा पाडाव, २२७७’ असं स्वच्छ लिहिलंय. न्यू वेगास घडतो २२८१ मध्ये. तेव्हा एनसीआर (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक, तिथलं नवं राज्य) हूवर धरणावर फौजफाटा घेऊन बसलेली असते आणि आपली राजधानी शेडी सँड्स चार वर्षांपूर्वी बेचिराख झाली याचा एकाही सैनिकाच्या तोंडी उल्लेख नाही. म्हणजे मालिकेने गेम पुसला, हाकानाका.

मला हे पटत नाही. पण फळ्यापुढे माझी बोलती बंद होते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लेझर_मांजर

ज्याच्याकडे हक्क, त्याचं खरं. हक्क बेथेस्डाकडे आहेत आणि मालिका त्यांच्या संमतीने आली आहे. फळ्यावर २२७७ लिहिलंय तर २२७७. चुलतभावाला माझ्याकडून +१.

बाकी चालू द्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुनी_सेव्हफाईल

लेझर मांजर, तुमच्याच नियमाने जाऊ. हक्कदार काय म्हणाले? २०२४ मध्ये मालिका आली आणि नेमका हाच आरडाओरडा झाला, तेव्हा बेथेस्डाच्या टॉड हॉवर्डने मुलाखतीत सांगून टाकलं की बॉम्ब न्यू वेगासच्या घटनांनंतर लगेच पडतो, आणि आधीच्या गेम्समध्ये जे घडलं ते घडलंच. तुमच्या कोर्टात खटला तिथेच निकाली निघाला. पॉपकॉर्न संपवा.

मला मात्र असल्या शिक्क्याने समाधान होत नाही. उद्या तोच माणूस उलट बोलला तर काय करायचं? म्हणून फळाच नीट बघू. अणुधूळ, तो भाग परत लावा आणि चित्र थांबवा. ‘पाडाव, २२७७’ असं लिहिलंय, त्याच्या पुढे एक बाण आहे, आणि बाणाच्या टोकाला अणुस्फोटाच्या ढगाचं चित्र. ढगाला साल नाही. म्हणजे पाडाव आधी, स्फोट नंतर, असं तो फळाच सांगतोय. २२७७ हे साल काही अधांतरी आलेलं नाही. हूवर धरणाची पहिली लढाई त्याच वर्षीची. एनसीआर ती जिंकली, पण तिथून पुढे ती धरणाला चिकटून बसली, आणि माणसं, पैसा, रसद सगळं वाळवंटात ओतत राहिली. न्यू वेगासमध्ये एनसीआरच्या सैनिकांशी जरा गप्पा मारून बघा, प्रत्येक जण तेच रडगाणं गातो: राज्य अंगाबाहेर वाढलंय, घरचं बघायला कोणी नाही. अशा राज्याची उतरण मागे वळून कुठून मोजायची म्हटलं तर २२७७ हे साल फारसं वाईट नाही.

हे ओढूनताणून आहे का? थोडंसं आहे. ‘पाडाव’ हा शब्द वाचून बघणाऱ्याच्या मनात स्फोटच येणार हे लिहिणाऱ्यांना कळायला हवं होतं. बरं, फळा आहे चौथ्या व्हॉल्टमधला (व्हॉल्ट म्हणजे अणुयुद्धातून वाचायला बांधलेला भुयारी आसरा), त्यावर लिहिणारी माणसं म्हणजे त्या शहरातून जीव घेऊन पळालेले लोक आणि त्यांची मुलं. त्यांनी इतिहास जसा आठवतो तसा लिहिला असणार. खेळाच्या जगातल्या कुठल्याही पात्राचं लिखाण मी तरी गॅझेटियर म्हणून वाचत नाही.

आता चार शेवटांचा मुद्दा. शेवट ठरलेला नाही म्हणून गेम कॅनन नाही, हे मान्य केलं तर १९९७ चा पहिला फॉलआउटसुद्धा गेला! त्यात शेडी सँड्सचा पुढारी आराडेश याची मुलगी टँडी हिला टोळीवाले पळवून नेतात. तुम्ही तिला सोडवू शकता, किंवा वाऱ्यावर सोडून पुढे निघून जाऊ शकता, गेम काही अडवत नाही. मी पहिल्या खेपेला आपल्या व्हॉल्टसाठी हव्या असलेल्या पाण्याच्या चिपच्या मागे धावताना नेमकं तेच केलं होतं. १९९८ चा दुसरा भाग सुरू झाला आणि बघते तर टँडी एनसीआरची म्हातारी अध्यक्ष! लिहिणाऱ्यांनी एक वाट खरी धरली आणि पुढे गेले. गेम घडला हे एक, आणि तो कसा घडला हे दुसरं. यातलं पहिलं ठरायला दुसऱ्याची गरज पडत नाही. एल्डर स्क्रोल्सवाल्यांनी तर १९९६ च्या डॅगरफॉलच्या बाबतीत याहून पुढची उडी मारली: परस्परविरोधी सगळे शेवट एकदमच घडले, काळच तिथे मोडला, असं पुढच्या गेममधल्या पुस्तकांत लिहून मोकळे झाले. इतकी बेशरम सारवासारव मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. आवडली मला.

नंबराबद्दल एकच सांगते. रेसिडेंट ईव्हिलमध्ये ‘कोड व्हेरोनिका’ला नंबर नाही, पण दुसऱ्या भागातल्या क्लेअरची गोष्ट तोच पुढे नेतो. आणि तिसरा भाग म्हणून जो १९९९ मध्ये आला तो सुरुवातीला बाजूची गोष्ट म्हणून हाती घेतला होता. नंबर डब्यावर शेवटी कोण चढवतो ते बघा, मग त्याच्यावर किती विसंबायचं ते ठरवा.

कोडेक_१४०.८५

जुनी सेव्हफाईल, दंडवत.

थोडं अवांतर, पण मेटल गिअरमधला किस्सा इथे चपखल बसतो. २००६ चा ‘पोर्टेबल ऑप्स’. मालिकेचा कर्ता कोजिमा त्याचा दिग्दर्शक नव्हता, म्हणून अर्धे चाहते त्याला प्रक्षिप्त ठरवून बाजूला काढतात. पुरावा काय देतात? २०१० च्या ‘पीस वॉकर’मधलं एक वाक्य. सान हिएरोनिमोचं ते सगळं लचांड आता मागे टाकता येईल, अशा अर्थाचं. बघा, कोजिमाने स्वतःच झटकून टाकलं म्हणे!

अरे, पण मागे टाकायला ते आधी घडावं लागेल ना? सान हिएरोनिमो हे ठिकाणच पोर्टेबल ऑप्समधलं. न घडलेल्या गोष्टीला कोण कशाला कंटाळेल? ज्या वाक्याच्या जोरावर गेमला बाहेर काढतात, त्याच वाक्याने तो आत येऊन बसलाय. पंधरा वर्षं हा वाद ऐकतोय आणि दर वेळी तेच वाक्य दोन्ही बाजूंनी फेकलं जातं.

अणुधूळ

सर्वांचे आभार. जुनी सेव्हफाईल, आत्ता परत जाऊन बघितलं, ढगाला खरंच साल नाही. भावाला स्क्रीनशॉट पाठवलाय. त्याचं उत्तर: ‘मग टॅक्टिक्सपण घाल की तुझ्या एक्सेलमध्ये.’

टोमणा आहे, पण प्रश्न बरोबर आहे. २००१ चा ‘फॉलआउट टॅक्टिक्स’ आणि २००४ चा तो कन्सोलवरचा ‘ब्रदरहूड ऑफ स्टील’, यांचं काय करायचं? रेषा कुठे ओढायची?

तेराकोचा_मामा

रेषा ओढू नका असं सुचवतो. आम्ही झेल्डावाले होरपळलेले आहोत. २०२० मध्ये ‘एज ऑफ कॅलॅमिटी’ आला तो ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’च्या शंभर वर्षं आधीची गोष्ट म्हणून. चौघे चॅम्पियन मरतात हे सगळ्यांना माहीत होतं, ते कसे मरतात ते बघायला लोक रुमाल घेऊन बसले होते. आणि निघालं काय, तर एक चिमुकला गार्डियन (यंत्र-रक्षक) भूतकाळात उडी मारतो आणि सगळे वाचतात. वेगळाच काळ, वेगळाच शेवट. मला स्वतःला तो पिटुकला फार आवडला, पण त्यावरून झालेली भांडणं वाचवत नव्हती. झेल्डाची कालरेषा २०११ च्या अधिकृत पुस्तकात तीन फाट्यांत छापली गेली, तरी नंतर त्यातले गेम इकडचे तिकडे झालेच. छापलेलं हलतं, तर तुमच्या एक्सेलचं काय घेऊन बसलात?

जुनी_सेव्हफाईल

मामा, रेषा न ओढणं तुम्हाला परवडतं, एक्सेल भरणाऱ्याला नाही :)

अणुधूळ, मी वापरते ती कसोटी सांगते. नंतर लिहायला बसलेल्या माणसाला तो गेम मध्ये येतो का? त्याला वळसा घालावा लागतो का, किंवा त्याचा आधार घ्यावा लागतो का? टॅक्टिक्सचं बघा. फॉलआउट ३ मध्ये स्क्राइब रॉथचाइल्डला त्याच्या ब्रदरहूड ऑफ स्टील या लढाऊ संघटनेबद्दल विचारत बसलं की तो जाता जाता सांगतो की शिकागोकडे आपली एक छोटी तुकडी आहे, पण ती आता आपल्या ऐकण्यातली राहिली नाही, मोठी गोष्ट आहे ती. बस, एवढंच. टॅक्टिक्सचा सगळा तपशील घेतला नाही, पण त्यातल्या ब्रदरहूडला जगात जागा ठेवली. म्हणून माझ्या वहीत टॅक्टिक्सला ‘ढोबळ मानाने घडलं’ असा शेरा आहे. २००४ च्या गेमचा असा एकही धागा मला नंतर कुठे सापडलेला नाही, त्यामुळे तो वहीतच नाही. तो टाकाऊ होता म्हणून नव्हे, टाकाऊ गेमसुद्धा कॅनन असतात, आणि ढिगाने असतात.

न्यू वेगास या कसोटीवर कुठे उतरतो ते तर दिसतंच आहे. पहिल्या सीझनचा शेवट हँक हे पात्र वेगासच्या दिशेने चालत जाण्यावर होतो. फळ्यावरच्या एका सालासाठी हॉवर्डला खुलासा करावा लागला. ज्याला कोणी मोजत नाही त्याच्यासाठी कोणी खुलासे देत बसत नाही.

पण खरी गोम वेगळीच आहे, आणि सगळे सालावर भांडत बसल्यामुळे ती राहूनच जाते. शेडी सँड्स आहे कुठे? पहिल्या फॉलआउटमध्ये तेराव्या व्हॉल्टमधून बाहेर पडलं की पूर्वेकडे, पंधराव्या व्हॉल्टच्या वाटेवर ते गाव लागतं. लॉस एंजेलिस, म्हणजे गेममधलं बोनयार्ड, ते राहिलं खाली दक्षिणेला. तिथे पोचायला नकाशावरचे काळे चौकोन एकेक करून उघडत जावं लागतं, कोपऱ्यातली तारीख पुढे पळत असते, आणि पाण्यासाठी दिलेल्या १५० दिवसांतले दिवस गळत असतात. ते अंतर मी अंगावर काढलंय, त्यामुळे विसरत नाही. मालिकेत मात्र शेडी सँड्सचा खड्डा थेट लॉस एंजेलिसच्या परिसरात आहे. सालाचा वाद बाण दाखवून मिटवता येतो. हा मिटवायला बाण नाही. आणि यात न्यू वेगासला झळसुद्धा लागत नाही, धक्का बसतो तो पहिल्या, मूळ, ज्याच्या कॅननपणाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही त्या गेमला.

चुलतभावाला हे विचारा. स्पिन-ऑफ उडवायचा हट्ट आहे ना, मग या हिशेबाने १९९७ च्या ओळींचं काय करतो बघू.

लेझर_मांजर

पॉपकॉर्न संपले. नकाशाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. पण राजधानी हलवली असेल की, राज्य वाढल्यावर हलवतात.

जुनी_सेव्हफाईल

हलवली असेलही. पण तसं गेममध्ये कोणी म्हटलेलं नाही आणि मालिकेतही नाही. तुम्ही म्हणताय. चाहत्याने बुजवलेली भेग म्हणून मी ती खुशीने वाचेन, वहीत पेन्सिलने लिहीन.

अणुधूळ

ठरलं. न्यू वेगासच्या ओळी राहतात. त्यातलं जे चारही शेवटांच्या आधी घडतं ते काळ्या अक्षरांत, पुढचं करड्या. टॅक्टिक्सची एकच ओळ, रॉथचाइल्डच्या नावाने. ठिकाणाच्या रकान्याचे दोन केले, ‘गेममध्ये’ आणि ‘मालिकेत’.

भाऊ आता फॉलआउट ७६ वर घसरलाय. २१०२ मध्ये, इतक्या लवकर, ब्रदरहूड थेट अ‍ॅपलॅशियात कशी पोचली म्हणून.

कोडेक_१४०.८५

उपग्रहावरून. कॅलिफोर्नियातला रॉजर मॅक्सन तिकडच्या टॅगर्डीशी बोलतो आणि ती आपल्या सैनिकांना ब्रदरहूड म्हणवून घेते. कोणी चालत गेलं नव्हतं. यावर मात्र वेगळा धागा काढा, इथे आधीच गर्दी झाली आहे.