डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर कयाक शर्यत: भावाला सपोर्ट करायला पुण्याहून जातोय, तयारी काय करू?

सहकारनगरकर

नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ इंग्लंडमध्ये असतो. 2027 च्या ईस्टरला तो आणि त्याचा मित्र के-2 मध्ये, म्हणजे दोघांच्या कयाकमध्ये, डिव्हायझेस ते वेस्टमिन्स्टर ही शर्यत विनाथांबा करणार आहेत. 125 मैल, म्हणजे 201 किलोमीटर, आणि 77 ठिकाणी नाव पाण्याबाहेर काढून खांद्यावर न्यायची. 24 तासांच्या आत पोचायचं त्यांचं गणित आहे.

सपोर्ट क्रूमध्ये मी, बायको आणि भावाचा तिथला एक मित्र. गाडी एकच. नवरा-बायको दोघंही कयाकच्या बाबतीत कोरे आहोत. काठावर किती ठिकाणी भेटायचं? खायला काय द्यायचं, इथून काय नेता येईल? जायच्या आधी पुण्यात कशाचा सराव करता येईल? शिवाय आई-बाबा घरी बसून ट्रॅकरवर बघणार आहेत, त्यांना काय सांगून ठेवू?

काठावरचा

आधी मार्ग डोक्यात पक्का बसवा, कारण तुमचं सगळं नियोजन त्यावरच उभं राहणार. डिव्हायझेस ते रेडिंग साधारण 54 मैल केनेट-एव्हन कालवा. रेडिंग ते टेडिंग्टन तेवढीच थेम्स. टेडिंग्टनपासून वेस्टमिन्स्टरपर्यंतचे शेवटचे 17 मैल भरती-ओहोटीचे. तिन्ही टप्प्यांत तुमचं काम वेगळं आहे.

कालव्यावर पहिले सुमारे 24 किलोमीटर, वूटन रिव्हर्सपर्यंत, एकही लॉक (पाण्याची पातळी वर-खाली करणारा दारांचा हौद, जिथे नाव बाहेर काढावी लागते) नाही. म्हणजे नाव उचलणं नाही आणि सहज हाती काही देणंही नाही. अडीच तासांचं खाणं-पिणं दोघांनी सोबत घेऊनच निघायचं. नवखा क्रू सुटताना हात हलवून टाटा करतो, पुढच्या पुलावर फोटो काढतो आणि वूटन रिव्हर्सला पोचतो तेव्हा नाव पुढे गेलेली असते. तुम्ही सुरुवात बघून थेट तिथेच जा. मग क्रॉफ्टनला ओळीने नऊ लॉक आहेत, तिथे ते बराच वेळ पायावर असतात. चालत्याबोलत्या माणसाला खायला घालायची ही कालव्यावरची सगळ्यात चांगली जागा. पुढे ग्रेट बेडविन, हंगरफर्ड, न्यूबरी, ऑल्डरमास्टन, रेडिंग. थेम्सवर मार्श, मार्लो, बोल्टर्स, ओल्ड विंडसर, शेपरटन, टेडिंग्टन.

एका गाडीत याहून जास्त जागा गाठायचा हट्ट धरू नका. दोन भेटींत तास-दीड तासाचं अंतर पुरतं. नकाशावर गाडीला पंधरा मिनिटं दिसतात, पण खेड्यातले रस्ते अरुंद आणि बाकीचे क्रूही त्याच वाटेवर. गाडी लावून पिशव्या घेऊन लॉकपर्यंत दहा-पंधरा मिनिटं चालावं लागतं. प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी कागदावर हव्यात: गाडी कुठे लावायची, तिथून चालत किती मिनिटं आणि नाव कोणत्या काठाला बाहेर निघते. तिसरी गोष्ट चुकली तर तुम्ही बाटल्या घेऊन समोरच्या काठावर, आणि मधे पाणी. दुसरी गाडी मिळत असेल तर जरूर घ्या, आलटून-पालटून पुढे जाता येतं आणि एका ड्रायव्हरला झोप मिळते. चोवीस तास जागा माणूस पहाटे गाडी चालवतो, हा या शर्यतीतला क्रूसाठी सगळ्यात मोठा धोका आहे. भारतीय लायसन्स पाहुण्याला तिथे 12 महिने चालतं आणि रहदारी आपल्यासारखीच डावीकडून, तेव्हा तुमच्या दोघांचीही नावं गाडीच्या विम्यात घाला.

टेडिंग्टनचं गणित भाऊ करेलच, पण तुम्हालाही कळलं पाहिजे. विनाथांबा गटात सुटण्याची वेळ शनिवारी ज्याची त्याने निवडायची असते. टेडिंग्टनला ओहोटी लागताना पोचायचं. लवकर पोचलात तर थांबवून ठेवतात आणि थांबलेला माणूस गारठतो. उशीर झाला तर पुढे सोडत नाहीत, कारण चढत्या भरतीविरुद्ध थकलेली नाव जागची हलत नाही. म्हणून तुमच्या वहीत प्रत्येक जागेसमोर दोन वेळा हव्यात, ठरवलेली आणि प्रत्यक्षातली. न्यूबरीला 40 मिनिटं मागे असतील तर ते त्यांना तिथेच सांगायचं, विंडसरला नाही.

लिंबूसरबत

खाण्याबद्दल. दर माणशी दर तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं आणि साधारण 500 मिली पेय धरा. नुसत्या ग्लुकोजचं शरीर तासाला 60 ग्रॅमच्या आसपासच घेऊ शकतं. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतील तर 90 पर्यंत जाता येतं. आपली साखर म्हणजे या दोन्हींची जोडीच. म्हणून एक लिटर पाण्यात 60 ग्रॅम साखर, म्हणजे पाच सपाट टेबलस्पून, पाव छोटा चमचा (टीस्पून) मीठ आणि एका लिंबाचा रस हे पेय अजिबात कमी दर्जाचं नाही. पाव चमचा मिठातून 600 मिलिग्रॅमच्या जवळपास सोडियम जातं. नुसतं पाणी पाजत राहिलात तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, आणि क्रूला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून अजून पाणी दिलं जातं.

उरलेली कर्बोदकं खाण्यातून. मध्यम केळ्यात 25 ग्रॅम, शिजलेल्या 150 ग्रॅम भातात 40 ग्रॅम. मीठ-लिंबू घातलेला मऊ भात रात्री अकरानंतर सोन्यासारखा असतो, तेव्हा एनर्जी जेलची (पाकिटातल्या गोड घट्ट पाकाची) आणि गोडाची किळस येते. भात रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये आणि द्यायचा चमच्याने, थेट तोंडात. कोमट हवा, गरम नको. गारठलेल्या जिभेला चटका कळत नाही.

पुण्याहून नेण्याच्या मोहाबद्दल बोलायलाच हवं. चिक्की थंडीत दगड होते. राजगिरा लाडू आणि भाजलेले दाणे धापा टाकणाऱ्या माणसाच्या घशात अडकतात. शर्यत होळीनंतर पाच-सहा दिवसांनी आहे म्हणून पुरणपोळी सुचेल, पण वीस तास पोट दुमडून बसलेल्याला हरभऱ्याची डाळ म्हणजे गॅस. पेढे, बर्फी, तूप नेऊच नका, भारतातून दूध-दुभतं तिथे नेता येत नाही. बिया काढलेला खजूर न्या, अर्धे तुकडे करून. साखर, तांदूळ, केळी तिथे मिळतातच.

आणि शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही. भावाने लांबच्या सरावात जे खाऊन पचवलंय तेच.

तळजाई_पहाट

पुण्यातला सराव: त्यासाठी नाव लागत नाही. पहाटे पाचला तळजाईवर जा. एकाने खांद्यावर सात-आठ किलोची सॅक घेऊन हळू पळायचं, दुसऱ्याने शेजारून पळत बाटली द्यायची, परत घ्यायची, केळं भरवायचं. हेडलॅम्प लावून, पण समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश न टाकता. हे जितकं सोपं वाटतं तितकं नाही. बाटली उभी पुढे केली तर पळणाऱ्याला मनगट वळवावं लागतं. तळाशी धरून, झाकण उघडं, तोंड त्याच्याकडे किंचित झुकवून धरा, म्हणजे हात मधोमध पडतो. ओले गार हात पाकीट फोडू शकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक जेलचा कोपरा आधीच कापून ते ग्लासात उभं ठेवायचं. एकदा स्वतःचे हात दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात बुडवून जेल फोडून बघा, मग हे विसरणार नाही.

माणसं वाटून घ्या. पुढच्या वल्हेकऱ्याचा एक मदतनीस, मागच्याचा एक, शेवटपर्यंत तेच. तिसरा फक्त घड्याळ, वही आणि कचरा बघणार. दोघांनी एकालाच भरवलं आणि दुसरा उपाशी राहिला, असं अंधारात सहज होतं. बाटल्यांना दोन रंगांच्या चिकटपट्ट्या लावा. परत आलेल्या बाटलीत किती उरलं ते वहीत उतरवा. माणूस "प्यायलो" म्हणतो, बाटली खरं सांगते.

उभं राहायचं ते नाव बाहेर काढतात त्या टोकाला नाही, तिथे गर्दी आणि धावपळ. पुन्हा पाण्यात सोडतात त्या टोकाच्या अलीकडे थांबा. प्रश्न हो-नाहीत उत्तर येईल असेच: "हातमोजे?" "भात?" "काय हवंय रे?" असं विचारलं तर पहाटे तीनला उत्तर येत नाही, ते नुसते बघत राहतात.

पोर्टेज77

वरचं सगळं बरोबर, एक भर. कालव्याचं पाणी म्हणजे उंदीर आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). आपल्याकडे मुळा-मुठेत उतरणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. हाताच्या फोडांवर पाण्यात टिकणारी टेप, आणि खाण्याला तुम्ही हात लावण्याआधी सॅनिटायझर. शर्यतीनंतर तीन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला कालव्याचं आवर्जून सांगायचं.

नावेचं बोलायचं तर हमखास बिघडतं ते सुकाणू. घाईत नाव सोडताना दगडावर आपटतं, पातं वाकतं किंवा तार खोबणीतून सुटते. सुटं पातं, दोन तारा, तारेचे क्लॅम्प, नटाच्या मापाचा पाना आणि पक्कड एकाच डब्यात. ही जोडणी भावाकडून व्हिडिओ कॉलवर शिकून घ्या, अंधारात पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. तळाला चीर गेली तर आधी टॉवेलने कोरडं, मग स्पिरिटने पुसून, मग जाड कापडी टेप. टेपचा रोल जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवा, गार पडलेली टेप चिकटतच नाही. क्लॅम्प आणि टेप बोहरी आळीत स्वस्त पडतील, तार मात्र त्यांच्या नावेच्या जाडीचीच हवी. सुकाणूला शेवाळ अडकलं तर नाव एकदम जड लागते, दोन-चार वल्ही उलटी मारली की सुटतं. आपल्या जलपर्णीइतकं जिकिरीचं नसतं ते.

आणि नावेला कुठे, किती हात लावायची परवानगी आहे हे त्या वर्षीच्या नियमावलीत वाचा. तोवर हात न लावण्याचीच सवय ठेवा.

सहकारनगरकर

खूप आभार सगळ्यांचे. तळजाई उद्यापासून सुरू. दोन शंका. रात्री गारठ्याचं नेमकं काय बघायचं, आणि बाबा विचारतायत की ट्रॅकरवर नाव थांबलेली दिसली तर तुला फोन करू का?

काठावरचा

बाबांना प्रेमाने सांगा, फोन नाही. ट्रॅकरचा ठिपका मागून चालतो. बोगद्यात गायब होतो, खाण्यासाठी थांबले की थांबतो, बॅटरी संपली की तासन् तास एका जागी बसतो. ठिपका थांबला म्हणजे नाव उलटली असं नाही. एक व्हॉट्सॲप ग्रुप करा, त्यात फक्त वहीवाल्याने लिहायचं, तेही रेडिंग, मार्लो, विंडसर आणि टेडिंग्टनला एकेक ओळ. क्रूच्या फोनची बॅटरी नकाशासाठी लागते.

वेळेचा एक सापळा मात्र आहे. 2027 चा ईस्टर 28 मार्चला, आणि त्याच पहाटे ब्रिटनची घड्याळं पुढे सरकतात. एक वाजला की थेट दोन. म्हणजे ऐन शर्यतीत. फोन आपोआप बदलतो, गाडीतलं घड्याळ आणि साधं मनगटी घड्याळ बदलत नाही. तुमच्या वहीत सुटल्यापासूनचे तास लिहा, घड्याळाची वेळ नको. भरतीचा तक्ता जुन्या वेळेत आहे की नव्या, हे पहिल्यांदा तपासा. तिथे एक तास चुकला तर टेडिंग्टनला दार बंद. घरच्यांसाठी: शनिवारी तिथली वेळ आपल्या साडेपाच तास मागे, रविवारी साडेचार. तिथला सूर्यास्त आपल्या मध्यरात्रीच्या जरा आधी, सूर्योदय आपल्या सव्वाअकराला. आई-बाबांनी रात्रभर जागू नये. झोपून सकाळी सातला उठले तरी नाव थेम्सवरच असेल.

पोर्टेज77

गारठ्याचं मी सांगतो. ईस्टर पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो, म्हणजे रात्र कृष्णपक्षातली. 2027 च्या त्या रात्री चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवेल, तोवर मिट्ट काळोख. तापमान शून्याजवळ जाऊ शकतं आणि अंग ओलं असतं. रेडिंगला, हात अजून चालत असताना, कोरडा बनियन, लोकरी टोपी आणि वल्ह्यावर चढणारे हातमोजे घालायला लावा. "नंतर घालतो" हे ऐकू नका, नंतर चेन लावता येत नाही.

थरथर चालेल. बोलणं जड झालं, पाय अडखळायला लागले, साध्या प्रश्नाला चुकीचं उत्तर आलं, तर थांबवायचं, कोरडे कपडे चढवायचे, कोमट गोड पाजायचं. गारठलेला माणूस थरथरायचा थांबला म्हणजे बरा झाला असं नाही, परिस्थिती बिघडली. तेव्हा शर्यत संपली, लगेच मार्शलला आणि डॉक्टरला बोलवायचं. हे शब्द शर्यतीच्या आधी भावाशी आणि त्याच्या जोडीदाराशी बोलून घ्या: अमुक झालं तर निर्णय तुमचा, त्यांचा नाही. पहाटे चारला लॉकवर हा वाद घालता येत नाही.

टेडिंग्टनला शेवटचं नीट खाणं. पुढचे 27 किलोमीटर तुमचा हात पोचेल या भरवशावर राहू नका. वेस्टमिन्स्टर ब्रिजजवळच्या पायऱ्यांवर दोघांचे गुडघे सरळ होणार नाहीत, तेव्हा एकेकाला काखेत धरून वर घ्यायला दोन माणसं आधीच खाली उभी हवीत. सोबत जाड जॅकेट, कोरडी पँट आणि मापापेक्षा एक नंबर मोठ्या चपला. बुटात ते सुजलेले पाय जात नाहीत.