हाड कापावं लागतंच, चीर तेवढी छोटी

बनियन म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या बुडाशी आतल्या बाजूला येणारा उंचवटा. त्याच्या छोट्या चिरेच्या ऑपरेशनबद्दल 'छोट्या छिद्रातून वर आलेलं हाड नुसतं घासून काढतात' असं म्हणतात, तसं नाहीये. बनियनमध्ये सहसा नवीन हाड वाढलेलं नसतं. अंगठ्यामागचं लांब हाड दुसऱ्या पायाच्या बाजूला सरकतं आणि अंगठा शेजारच्या बोटावर कलतो. नुसतं घासलं तर कल तसाच राहतो.

या छोट्या चिरेच्या पद्धतीत काही मिलिमीटरच्या चिरांतून, एक्स-रेच्या पडद्यावर बघत, बारीक फिरत्या बरने (दाताच्या ड्रिलसारखं हत्यार) हाड कापतात, सरकवतात, स्क्रू बसवतात. बर हळू फिरवून वर सलाईन सोडावं लागतं, नाहीतर हाड भाजतं. म्हणून डॉक्टरांना आधी किती केसेस केल्या ते बेधडक विचारा.

आमच्या आईचं नोव्हेंबरात झालं. दुसऱ्या दिवशी कडक तळाच्या सँडलवर चालली, पण हाड जुळायला दीड-दोन महिने लागले आणि सूज तर उन्हाळ्यापर्यंत होती. तिचा डॉक्टरांना एकच प्रश्न: गड्ड्याला (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेला) अडुसष्ट लिंगांना अनवाणी जाऊ का? यंदा नाही म्हटल्यावर फुरंगटली. मिरवणुकीतले नंदीध्वज दुकानाच्या पायरीवर बसून बघितले.

आणि हो, दुखत नसेल तर निव्वळ दिसण्यासाठी करू नका. बोटांमध्ये घालायच्या सिलिकॉनच्या स्पेसरने टोचणं कमी होतं, हाड सरळ होत नाही.