मदत हवी आहे : पीटरबरोच्या आयरिश वसाहतकारांचे घरगुती जीवन

सप्रेम नमस्कार. १८२५ साली पीटर रॉबिन्सन यांनी मुख्यतः कॉर्क परगण्यातील सुमारे २,००० गरीब आयरिश माणसे कॅनडातील आजच्या ऑन्टारिओच्या जंगलात वसवली. तेथील पीटरबरो शहराचे नाव रॉबिन्सन यांच्यावरूनच पडले. या माणसांवर मी लेख लिहीत आहे. सरकारी शिधा आणि कुऱ्हाड हाती असली, तरी ओंडक्यांच्या खोपटात राहून झाडे तोडायची, जमिनीत राहिलेल्या बुंध्यांमधल्या मातीत बटाटे लावायचे आणि त्यातच हिवतापाने अंथरूण धरायचे, हे वाचताना जीव कळवळतो. या घरांतील बायकांचा दिवस कसा जात असे, विशेषतः चुलीपाशी, हे मला नेमकेपणाने मांडायचे आहे. ऑन्टारिओतील कुणी लँग पायोनियर व्हिलेज हे संग्रहालय पाहिले असल्यास तेथील चूल व भांड्यांची छायाचित्रे कृपया पाठवावीत.