‘शून्य त्रुटी’ म्हणावे की ‘पासंग’?

चोपडेकर
आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लावायची मापनाची आणि सुरक्षिततेची मराठी सूचनापत्रके लिहिण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. काच, आम्ल आणि स्पिरिटचा दिवा यांविषयीच्या सूचना सरळ लिहून झाल्या, पण व्हर्निअर कॅलिपरच्या, म्हणजे वस्तू जबड्यांत धरून तिची जाडी किंवा व्यास मोजायच्या उपकरणाच्या, पत्रकावर गाडी अडली आहे. जबडे पूर्ण मिटवल्यावर व्हर्निअरपट्टीचा शून्य मुख्य पट्टीच्या शून्याशी जुळला नाही, तर त्या फरकाला आपण ‘शून्य त्रुटी’ म्हणतो. मागच्या आठवड्यात अकरावीतल्या एका मुलीने वहीत लिहिले, ‘उपकरणात शून्य त्रुटी आहे, म्हणून दुरुस्तीची गरज नाही.’ तिच्या कॅलिपरचे जबडे मी स्वतः मिटवून पाहिले. व्हर्निअरचा शून्य उजवीकडे सरकलेला होता आणि त्याची तिसरी रेघ वरच्या रेघेशी जुळत होती. लघुतम माप, म्हणजे त्यावर मोजता येणारे सर्वांत लहान अंतर, ०.०१ सेंमी असल्याने त्रुटी +०.०३ सेंमी भरली. धातूच्या गोळीचा व्यास तिने १.४७ सेंमी लिहिला होता, तो १.४४ सेंमी हवा होता. मोजणे चुकले, पण मराठी तिने बरोबरच वाचले होते, कारण ‘शून्य चुका’ म्हणजे एकही चूक नाही. हा घोटाळा होणार नाही असा शब्द सुचवावा.

कोशप्रेमी, धुळे
दोष शब्दाचा नाही, लेखनाचा आहे. ‘शून्याची त्रुटी’ असा षष्ठी तत्पुरुष अभिप्रेत असेल, तर ‘शून्यत्रुटी’ असे जोडूनच लिहिले पाहिजे. दोन शब्द सुटे लिहिले की ‘शून्य’ हे संख्याविशेषण होते आणि अर्थ उलटतो. त्याहून स्पष्ट हवे असेल तर ‘शून्यांक त्रुटी’ लिहावे.

सराफकट्टा, जळगाव
जोडून लिहिलेला शब्द मुलांच्या डोळ्यांना वेगळा दिसेल, पण तोंडी सांगताना कानाला तो तसाच ऐकू येणार. आपल्याकडे यासाठी शब्द आहे आणि तो बाजारात रोज वापरला जात असे, तो म्हणजे ‘पासंग’. माझ्या आजोबांच्या दुकानात काचेच्या पेटीतला सोन्याचा काटा होता. तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज जेमतेम ०.१२ ग्रॅम, त्यामुळे पेटीचे दार उघडे राहून वारा लागला तरी काटा हलत असे. सकाळी पहिले काम म्हणजे दोन्ही पारडी मऊ कापडाने पुसायची, रिकामा काटा उचलायचा आणि तो मधोमध थांबतो का हे पाहायचे. खेड्यावरून आलेली गिऱ्हाइकेही जुना दागिना मोडीत घालण्याआधी विचारीत, ‘काटामा पासंग शे का?’ रिकाम्या उपकरणाचा शून्य आधी तपासा, हेच तुमचे पत्रक सांगणार आहे ना?

कोशप्रेमी, धुळे
पासंग हा फरक नव्हे, फरक भरून काढण्यासाठी हलक्या पारड्याला बांधलेला जिन्नस आहे. ‘तो त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या किरकोळ वजनाकडेच बोट दाखवतो. म्हणजे पासंग ही झाली दुरुस्ती, त्रुटी नव्हे. शिवाय शब्द फारसी आहे, त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश रचून घेतला गेला. साडेतीनशे वर्षांनंतर आपण पाठ्यपुस्तकात उलट दिशेने का जावे?

निवृत्त विज्ञानशिक्षक, अमळनेर
कोशप्रेमींचा पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. आमच्या गल्लीतल्या दाणेवाल्याच्या तराजूच्या दांडीला एका टोकाशी चिंधीत गुंडाळलेला खडा सुतळीने बांधलेला असे. त्या खड्यालाही पासंग म्हणत आणि ‘या तराजूत पासंग आहे’ असे फरकाविषयीही म्हणत, व ऐकणाऱ्याचा घोटाळा होत नसे. मला खटकतो तो ‘त्रुटी’ हा शब्द. त्याचा धातू ‘त्रुट्’, म्हणजे तुटणे, आणि आपली ‘तूट’ तिथूनच आली. तूट म्हणजे कमी पडणे. या मुलीचे उपकरण ०.०३ सेंमी जास्त दाखवत होते, तरी आपण त्याला ‘धन त्रुटी’, म्हणजे अधिक असलेली उणीव, म्हणायला लावतो आणि वर ती वजा करायला सांगतो!

पासंगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रिकामी दांडी पासंग लावून समतोल करता येते, पण तिचे दोन बाहू लांबीने असमान असतील, तर पारड्यांत वजन पडताच फरक उघडा पडतो आणि वजनाबरोबर वाढत जातो. बाहूंत शंभरास एकाचा फरक असेल, तर १०० ग्रॅमला सुमारे १ ग्रॅम आणि १ किलोला सुमारे १० ग्रॅम चुकतील. तेव्हा पारडी बदलून दोनदा तोलावे लागते आणि दोन वजनांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे लागते. कॅलिपरचा दोष मात्र गोळी लहान असो वा मोठी, तेवढाच राहतो, म्हणून त्या दोषाला पासंग शोभतो.

तोलाई, पाचोरा
सर, यात बारदान मिसळू नये, एवढी विनंती. माझा पुतण्या प्रयोगशाळेत चंचुपात्राचे वजन वजा करतो आणि त्यालाही पासंग म्हणतो. आमच्याकडे कापूस असो वा ज्वारी, गोणीचे वजन कापले जाते ते बारदान. बारदान मालासोबत येते, पासंग काट्यातच असतो. इलेक्ट्रॉनिक काट्यावर दोन्हींसाठी अनेकदा एकच बटण दाबतात, त्यामुळे नव्या मुलांना हा भेद उरलेला नाही.

कोशप्रेमी, धुळे
भेद उत्तम सांगितलात, पण ‘बारदान’ही फारसीच आहे, ‘बार’ म्हणजे ओझे. आपण एका शब्दासाठी दार उघडले आणि मागून दुसरा आत आला, हीच माझी भीती होती.

सराफकट्टा, जळगाव
मग ‘तराजू’चे काय करणार? तोही तिकडूनच आला आहे. वर्गात ‘तुला’ म्हटले की मागच्या बाकावरचा मुलगा आधी रास समजतो. शब्द कुठून आला, यापेक्षा तो ऐकून मूल रिकामा काटा तपासते की नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

निवृत्त विज्ञानशिक्षक, अमळनेर
परिभाषेला एवढा एकच निकष पुरत नाही. परीक्षेत उत्तर तपासणाऱ्याला तोच शब्द अपेक्षित असतो, आणि खान्देशातली पासंगाची सवय राज्यातल्या इतर मुलांना असेलच असे नाही. पत्रकात मी ‘शून्यांक त्रुटी’ लिहीन आणि शिकवताना पासंग सांगेन.

चोपडेकर
काल कपाटातला जुना दोन पारड्यांचा काटा काढून त्याच मुलीसमोर ठेवला. एका पारड्याला मी आधीच कागदाची घडी चिकटवली होती. तिने रिकामी पारडी पाहिली, घडी शोधली आणि दुसऱ्या पारड्यात तेवढीच घडी टाकून काटा मधोमध आणला. पासंग तिला कळला. मग तिने कॅलिपर उचलला आणि विचारले, ‘सर, पासंग तर कोणत्याही पारड्याला असू शकतो. मग यात धन पासंग कोणता आणि ऋण कोणता?’ त्याचे उत्तर मला अजून सुचलेले नाही. पत्रकात ती जागा रिकामी आहे.