प्रतिसाद: अ‍ॅसिटेटची फ्रेम आणि साधं प्लॅस्टिक

‘गॉगलची हाताने बनवलेली अ‍ॅसिटेटची फ्रेम म्हणजे शेवटी प्लॅस्टिकच, नुसते नावाचे पैसे’ हे वर कुणीतरी लिहिलंय, ते अर्धंच पटलं. डोळे वाचवायचं काम काचेचं, फ्रेमचं नाही, हे खरं. तिथे ‘यूव्ही ४००’ (म्हणजे अतिनील किरण अडवणारी काच) आहे का तेवढं बघावं. काच नुसतीच काळी असली तर डोळ्याची बाहुली मोठी होते आणि अतिनील किरण उलट जास्त आत शिरू शकतात.

पण अ‍ॅसिटेट बनतं कापसाच्या किंवा लाकडाच्या लगद्यातल्या सेल्युलोजपासून. या फ्रेम साच्यात ओतलेल्या नसतात, अ‍ॅसिटेटच्या जाड शीटमधून कापून घासलेल्या असतात. रंग वरवरचा नसून आतपर्यंत असल्यामुळे ओरखडा पडला तरी पॉलिश करून निघतो, आणि काडी सैल झाली तर चष्मेवाला गरम करून कानामागे बसवून देतो. रंगाचा थर दिलेल्या स्वस्त फ्रेमचे मात्र पापुद्रे निघायला लागतात, मग काही उपाय नाही.

उन्हाळ्यातली खरी अडचण वेगळीच: घाम आणि सनस्क्रीन. कानाजवळचा भाग पांढुरका, खरखरीत होत जातो. रोज साध्या पाण्याने धुवून पुसली तर बरीच टिकते. आणि उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डवर तर ठेवूच नका, वाकडी होते.