एक स्ट्रॅप गेला म्हणून अख्खं बाइंडिंग फेकायचं?

वाळूजचा मोल्डिंगवाला
काल इथे एकाने लिहिलं, स्नोबोर्डच्या बाइंडिंगचा (बूट बोर्डला बांधून ठेवणारा सांगाडा) स्ट्रॅप घरी बदलणं म्हणजे जिवाशी खेळ, स्ट्रॅप गेला की सरळ नवीन जोडी घ्या. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्ट्रॅप आवळायची दातेरी पट्टी झिजण्यासाठीच असते, सायकलच्या ब्रेक रबरासारखी. रॅचेट, म्हणजे दात पकडणारं बकल, दर वेळी त्याच पाच-सहा दातांवर चढतं, तेवढेच दात गोल होतात आणि उतारावर बकल घसरायला लागतं. बुटाखालची बेसप्लेट शाबूत, टाचेमागचा हायबॅक शाबूत, आणि फेकायचं सगळंच? पट्टी एका स्क्रूवर असते. तो काढा, जुनी नवीवर ठेवून लांबी जुळवा, नवी रॅचेटमध्ये घालून ताकदीने ओढून बघा. दात बसले तर घट्ट करा. घोट्याची पट्टी पंजाला लावू नका, दोन्ही वेगळ्या असतात.

मी अठरा वर्षं प्लास्टिकच्या मशीनवर आहे. पट्टी, रॅचेट, स्क्रू घरी बदला. घोट्याच्या गादीला आणि बेसप्लेटला मात्र नवीन भोक पाडायचं नाही. चीर भोकाच्या कडेलाच सुरू होते. आणि स्क्रू सैल होऊ नये म्हणून थ्रेड लॉकरचा चिकट द्रव लावत असाल तर जपून, पॉलिकार्बोनेटच्या भागाला तो लागला की प्लास्टिक तडकू शकतं.

गोदाकाठचा नांदेडकर
काल लिहिणारा मीच. तुमचा अनुभव मशीनवरचा आहे, माझा बर्फातला आहे.

गुलमर्गला आम्ही गोंडोल्याच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्याने अफरवत डोंगरावर गेलो होतो, १३,००० फुटांच्या आसपास. मित्राने आदल्या रात्री हॉटेलच्या खोलीत स्ट्रॅप बदलला होता, "दहा मिनिटांचं काम" म्हणत. स्क्रू गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातला, आखूड. मधल्या उतारावर तो स्क्रू निसटला आणि पुढच्या पायाचा घोट्याचा स्ट्रॅप सुटला. पुढचा पाय मोकळा, मागचा बांधलेला, बोर्ड गर्रकन फिरला आणि गुडघा पिरगळला. मांडीएवढ्या भुसभुशीत बर्फातून त्याला खाली आणायला तीन तास लागले. ते तीन तास तुम्ही पाहिलेले नाहीत.

वाळूजचा मोल्डिंगवाला
वाईट झालं दादा. पण तुमच्याच लिहिण्यात आहे, स्क्रू निसटला, पट्टी तुटली नाही. आखूड स्क्रू दोनच आटे धरतो. पहिल्या उतरणीनंतर स्क्रू पुन्हा तपासला होता का?

गोदाकाठचा नांदेडकर
नाही तपासला. म्हणून तर म्हणतो, लोक तपासत नाहीत!

लातूरचा पोरगा
"नवीन जोडी घ्या" म्हणणं सोपंय. आमच्या गावाला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वर्षी शेतातून एक रुपया आला नाही. मी बोर्ड सेकंड हँड घेतला, तोही तीन जणांत. सुट्टी पट्टी विचारली की दुकानदार पूर्ण जोडीच दाखवतो. बाहेरून मागवावी तर पट्टीपेक्षा पाठवणावळ जास्त. मी पुतण्याच्या जुन्या इनलाइन स्केटची दातेरी पट्टी लावली. दोन हंगाम झाले, चालतेय.

वाळूजचा मोल्डिंगवाला
भाऊ, पंजाला असेल तर एक वेळ ठीक. घोट्याला लावली असेल तर आजच काढ. स्केटची पट्टी अरुंद असते, रॅचेट अर्ध्याच दातावर बसतं.

बीडची ताई
तुम्ही सगळे स्क्रूवर भांडताय. माझ्या दोन्ही स्ट्रॅपना कुणी हात लावला नव्हता, सगळं कंपनीचंच. तरी जानेवारीत पहिल्याच दिवशी घोट्याची पट्टी बिस्किटासारखी तुटली. सात महिने ती जोडी आमच्या पत्र्याखाली माळ्यावर होती. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतं, पत्र्याखाली त्याहून जास्त. तिथे भाजलेलं प्लास्टिक उणे दहात वाकवलं तर काय होणार?

गोदाकाठचा नांदेडकर
मग काय फ्रिजमध्ये ठेवायचं?

बीडची ताई
माळवदाच्या खोलीत ठेवा. आजीची खोली होती, वर मातीचा थर, उन्हाळ्यात आत गार. घरच्यांनी ती पाडून पत्रे टाकले. मी रडले होते तेव्हा. आता धान्यही टिकत नाही आणि बूटही.

लातूरचा पोरगा
ताई, माळवद दर पावसाळ्याआधी कोण शाकारणार? आमचं दोनदा गळलं. ओल धरलेल्या खोलीत माझ्या बुटांच्या सोलचा भुगा झाला. उंदरांनी पॅडिंग कुरतडलं ते वेगळंच.

बीडची ताई
निगा राखली नाही तर गळणारच! माळवदाला दोष देऊ नका. तुमच्याच जिल्ह्यात किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांनी भीतीने माळवदं सोडली, ते मला समजतं. पण आमच्याकडे नुसत्या हौसेने पाडली.

लातूरचा पोरगा
हौस नव्हे ताई. १९९३ ला माझ्या आत्याचं घर त्याच मातीखाली गेलं. गारव्यासाठी मी पुन्हा डोक्यावर माती घेणार नाही.

बीडची ताई
माफ करा. हे माहीत नव्हतं.

वाळूजचा मोल्डिंगवाला
ताईंचा मुद्दा मी धरायला हवा होता, माझ्या धंद्यातलाच आहे. उष्णतेने आणि ओलीने पट्टीचं पॉलियुरेथेन प्लास्टिक आतून मरतं, वरून चकाचक दिसतं. जोडी कोरडी करून, स्ट्रॅप सैल सोडून, घरातल्या आतल्या खोलीत पलंगाखाली ठेवा. ओली असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका. नोव्हेंबरात पट्टी दुमडून बघा, पांढरी रेघ उठली तर बदला.

गोदाकाठचा नांदेडकर
पट्टी घरी बदलायला माझी हरकत नाही, एवढं मान्य करतो. पण स्क्रू मूळ लांबीचाच हवा, आणि बदललेला स्ट्रॅप पहिल्यांदा खालच्या सोप्या उतारावरच तपासायचा, थेट अफरवतवर नाही. हे तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहायला पाहिजे होतं. नवखी पोरं वाचतात.

वाळूजचा मोल्डिंगवाला
बरोबर. वर जोडतो. सोबत एक सुटी घोट्याची पट्टी, एक पंजाची, दोन स्क्रू आणि तीन नंबरचा स्क्रूड्रायव्हर खिशात ठेवा, हेही लिहितो.

लातूरचा पोरगा
माझी स्केटची पट्टी घोट्यालाच आहे. काढली. कुणाकडे जुनी घोट्याची पट्टी पडली असेल तर सांगा, पाठवणावळ मी देतो.

गोदाकाठचा नांदेडकर
माझ्याकडे दोन आहेत. रॅचेटचा फोटो टाक, दात जुळतात का बघतो.