ग्रँड कॅनियन: जूनमध्ये नऊ जण तळातून वर येणार, वेळापत्रक तपासून द्याल का?

वाळवंटी_पुणेकर

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात आमचा नऊ जणांचा गट साउथ कैबॅब ट्रेलने खाली उतरणार आहे. एक रात्र ब्राइट एंजल कॅम्पग्राउंडवर आणि दुसऱ्या दिवशी ब्राइट एंजल ट्रेलने साउथ रिमवर (दरीच्या दक्षिण कडेवर) परत. मोठ्या गटाचं (७ ते ११ जण) परमिट मिळालंय. वयं १६ ते ६३. सगळ्यांचे सह्याद्रीत भरपूर ट्रेक झालेत, वाळवंट मात्र पहिल्यांदाच.

चढाईच्या दिवसाचा बेत असा: सकाळी ६ ला चहा-नाश्ता, ७ ला निघायचं, दुपारी १२ ला वाटेतल्या हवासुपाई गार्डन्स या थांब्यावर जेवण, संध्याकाळी ५ पर्यंत वर. प्रत्येकी ६ लिटर पाणी. ६३ वर्षांच्या काकांना बीपीची गोळी चालू आहे. यात काय चुकतंय ते सांगा, बिनधास्त.

दरीतला_दगड

पाण्याचं नंतर बघू, आधी वेळ. ७ ला निघणं हीच सगळ्यात मोठी चूक आहे. ग्रँड कॅनियन ज्या राज्यात आहे त्या ॲरिझोनात उन्हाळ्यासाठी घड्याळ पुढे-मागे करत नाहीत, त्यामुळे जूनअखेरीस ५ वाजून १०-१५ मिनिटांनीच सूर्य उगवतो. तुम्ही निघाल तेव्हा ऊन चांगलं तापलेलं असेल. (शेजारच्या नवाहो नेशन या आदिवासी प्रदेशात मात्र घड्याळ पुढे करतात आणि फोन कधीकधी तिकडची वेळ पकडतो. गजर साध्या मनगटी घड्याळावर लावा.)

आता चढाईचा हिशोब. कॅम्पग्राउंड साधारण ७५६ मीटरवर, ब्राइट एंजलचं वरचं टोक २,०८५ मीटरवर. म्हणजे सुमारे १,३३० मीटर चढ आणि १५ किमी अंतर. आतकरवाडीतून सिंहगड लागोपाठ दोनदा चढल्यासारखं. सगळे फसतात ते पुढच्या गोष्टीला: हवासुपाई गार्डन्स (जुन्या नकाशांवर 'इंडियन गार्डन', नाव २०२२ मध्ये बदललं) अंतराने निम्म्यावर आहे, पण ते फक्त १,१५८ मीटरवर. तिथे पोचलात तेव्हा चढ जेमतेम ३० टक्के संपलेला असतो. "अर्धं झालं, आता काय" म्हणून भर बाराला पुढे निघणारेच वरच्या वळणांवर बसलेले दिसतात.

बरं, त्या ३० टक्क्यांतही खोड आहे. कोलोरॅडो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज ओलांडल्यावर नदीकाठाने वाळूतून चालायचं, त्यात पोटऱ्या भरतात. मग पाइप क्रीक या ओढ्याच्या वर डेव्हिल्स कॉर्कस्क्रू नावाची वळणं लागतात. आजूबाजूला विष्णु शिस्ट हा काळा दगड. दिवसभर तापलेला हा दगड रात्रीही हाताला कोमट लागतो. सावली नाही, प्यायचा नळ नाही. तळाशी जूनमध्ये सावलीतलं तापमान ४३ अंशांच्या वर सहज जातं. कॉर्कस्क्रू ऊन यायच्या आत मागे पडायलाच हवा.

म्हणून असं करा. अडीचला उठा, साडेतीनला हेडलॅम्प लावून चालायला लागा. साडेसात-आठपर्यंत हवासुपाई गार्डन्स. तिथे कॉटनवुडच्या सावलीत, ओढ्याकाठी, दुपारी ४ पर्यंत मुक्काम. जेवा, झोपा, पत्ते खेळा. पार्क सर्व्हिसही उन्हाळ्यात १० ते ४ चालू नका असंच सांगते. चारनंतर वरचे तीन टप्पे: थ्री-माइल रेस्टहाउस, वन-अँड-हाफ-माइल रेस्टहाउस, रिम. प्रत्येक टप्पा साधारण २.४ किमी आणि ३०० मीटर चढाचा. तुमच्या गटाला टप्प्यामागे दीड तास धरा. साडेआठ-नऊला वर. शेवटचा तुकडा अंधारात जाईल, म्हणून हेडलॅम्पचे जादा सेल बरोबर ठेवा.

इलेक्ट्रॉलवाला

प्रत्येकी ६ लिटर म्हणजे पाठीवर ६ किलो, आणि तेही चढताना. उतरायच्या दिवशी ठीक आहे, साउथ कैबॅबवर पाण्याचा थेंब नाही. चढताना मात्र कॅम्पग्राउंडवरून ३ लिटर घ्या, हवासुपाई गार्डन्सला भरा, पुढे २-२ लिटर. दोन्ही रेस्टहाउसचे नळ उन्हाळ्यात चालू असतात, पण हे पाणी उत्तर बाजूच्या झऱ्यावरून १९६० च्या दशकात टाकायला घेतलेल्या पाइपलाइनने येतं आणि ती सारखी फुटते. निघायच्या आदल्या दिवशी पार्कच्या संकेतस्थळावर प्रत्येक नळाची स्थिती बघा आणि गटात दोन फिल्टर ठेवाच. नळ बंद असले तर हवासुपाई गार्डन्सच्या ओढ्यातून गाळून ४ लिटर घेऊन निघा, कारण वर ओढा नाही.

किती प्यायचं? तासाला अर्धा ते एक लिटर, तहानेप्रमाणे. दर दहा मिनिटांनी दामटून पिऊ नका. सह्याद्रीत घामाने शर्ट चिंब होतो, तेव्हा किती गेलं ते कळतं. इथे हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत उडतो, बॅगेच्या पट्ट्यांखाली फक्त पांढरे डाग राहतात. ते मीठ आहे. ते भरून न काढता नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम उतरतं. इथे लोक तहानेने आजारी पडतात तसे जास्त पाण्यानेही पडतात.

दर दोन लिटरमागे एक लिटर ओआरएसचं ठेवा. पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण एक लिटरमध्येच, अर्ध्या बाटलीत नाही. पाकीट संपलं तर एक लिटर पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. आणि दर अर्ध्या तासाला तोंडात काहीतरी टाका: खारे शेंगदाणे, चिवडा, खारी शंकरपाळी, लिंबाचं लोणचं लावलेली दशमी. प्रोटीन बार उन्हात चिकट होतात, घशाखाली उतरत नाहीत.

घाई_बरी

मला दिवसभर थांबणं पटत नाही. रात्री दीडला निघा आणि सलग चढून ११ च्या आत वर या. झोप काय, परत आल्यावर होईल.

दरीतला_दगड

@घाई_बरी, चार तरण्याताठ्यांना जमेल. नऊ जणांत चाल ठरते सगळ्यात हळू चालणाऱ्यावर. तरी करायचं असेल तर अट एकच: साडेपाचला हवासुपाई गार्डन्स सोडलेलं हवं. साडेसहाला पोचलात तर बेत रद्द, चारपर्यंत तिथेच. हे आदल्या रात्री ठरवा. चढताना प्रत्येकाला "मी ठीक आहे" असंच वाटतं.

चालण्याची रांग: सर्वात हळू चालणारा पुढे, त्याच्या मागे बाकीचे, शेवटी अनुभवी माणूस. त्याच्यापुढे सगळे आहेत, मागे कोणी नाही. चालताना अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. तासाला दहा मिनिटं बसा, पाय दगडावर उंच. गटातून फुटायचं नाही. काकांच्या बाटल्या दोघांत वाटून घ्या, पण एक त्यांच्याजवळ राहू द्या.

कपडे सुती. थंडीत सुती कपडा वाईट, इथे उलट: प्रत्येक नळावर शर्ट, टोपी, पंचा पूर्ण भिजवा. बघता बघता वाळेल, म्हणून पुढच्या नळावर परत.

रिकामी_ओपीडी

काकांबद्दल. बीपीच्या गोळ्यांत लघवी वाढवणारं औषध असेल तर पाणी आणि सोडियम दोन्ही जास्त जातं. इतर काही गोळ्याही उन्हात त्रास देतात. स्वतःच्या मनाने बंद करू नका, गोळीचं नाव घेऊन डॉक्टरांना आधीच विचारा.

मळमळ, डोकेदुखी, उलटी ही लक्षणं उष्णतेने थकण्यातही येतात आणि सोडियम उतरण्यातही. तेव्हा दोन प्रश्न विचारा: किती प्यायलास, शेवटची लघवी कधी आणि कशी? कमी प्यायलाय, लघवी गडद: सावली, ओआरएस, अंग ओलं. भरपूर प्यायलाय, लघवी पाण्यासारखी, बोटं सुजून अंगठी घट्ट झालीय: साधं पाणी थांबवा, खारट खायला द्या.

माणूस असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला किंवा उगाच चिडू लागला, तर उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं मानू नका. ओढा जवळ असेल तर धरून उथळ पाण्यात बसवा, डोकं सांभाळा. नसेल तर सगळं पाणी अंगावर ओता आणि टोपीने, चटईने वारा घाला. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. शुद्ध नीट नसेल तर तोंडाने काही देऊ नका. त्याच वेळी दुसऱ्याने मदत मागायची: थ्री-माइल रेस्टहाउसला इमर्जन्सी फोन आहे, हवासुपाई गार्डन्सला रेंजर स्टेशन. मोबाइलच्या रेंजवर विसंबू नका. हेलिकॉप्टर लगेच येईल असंही धरू नका, तापलेल्या विरळ हवेत त्याची उचल कमी होते.

वाळवंटी_पुणेकर

साडेतीन ठरलं. तंबू, स्टोव्ह वगैरे खाली ठेवून येण्याची काही सोय?

इलेक्ट्रॉलवाला

ठेवून नाही, पण खेचरांवरून वर पाठवता येतं. तळाशी फँटम रँच नावाचं लॉज आहे, त्यांची डफल (सामान-बॅग) सेवा आहे, एका बॅगेला ३० पौंड, म्हणजे साडेतेरा किलोची मर्यादा. आधी बुक करावं लागतं. नऊ जणांत दोन बॅगा केल्यात तर चढताना पाठीवर पाणी आणि खाऊ एवढंच. वाटेत खेचरं भेटली की डोंगराच्या बाजूला थांबा, दरीच्या नाही, आणि खेचरवाला म्हणेपर्यंत हलू नका.

हवासुपाई गार्डन्सला झोपताना चिवड्याची पिशवी उशाशी ठेवू नका. तिथल्या खारी बॅगेची चेन उघडतात, आणि चावतातही.